चढावर बंद पडणारी नातवंडांची जीप: कंट्रोलर बदलण्याआधी मीटर लावा

घरी तयार केलेल्या छोट्या बॅटरी-जीपबद्दल आमच्या बेळगाव भागात सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच. सपाट अंगणात गाडी मस्त पळते. फाटकाचा रँप लागला, नाहीतर शेतातल्या गाडीवाटेला चढ आला, की अर्ध्यावर मोटर गप्प. ना आवाज, ना धूर, ना जळल्याचा वास. पोर आत बसलेलं आणि आज्जा मागून ढकलतोय. पाच-दहा मिनिटं थांबून एक्सिलेटर दिला की गाडी मुकाट्यानं चालू होते, आणि पुढच्या चढावर परत तेच.

ज्याला विचारावं तो सांगतो, "कंट्रोलर गेलाय की हो." कंट्रोलर म्हणजे एक्सिलेटर देऊ तसा मोटरचा पुरवठा कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. नवा कंट्रोलर येतो, चार दिवस बरे जातात, मग जुनं दुखणं परत. त्यावर कुणीतरी सुचवतं, मोटरच कमी पडतेय, साडेतीनशे वॅटची घाला. ती घातली की गाडी आणखी लवकर थांबते. पैसे जातात ते जातातच, पण सुट्टीला आलेल्या नातवाचे दिवस त्या खटाटोपात संपतात याचं मला जास्त वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझी नोकरी उद्यमबागेतल्या मशीनशॉपमध्ये झाली. नातीसाठी जीप केली तेव्हा हे दुखणं समोर आलं, आणि पुढे येळ्ळूर, कडोली, निपाणीकडच्या ओळखीच्या मंडळींच्या गाड्यांतही तेच दिसलं. बहुतेक ठिकाणी कंट्रोलर धडधाकट होता. दोष सापडला तो गाडी चढावर असताना, भाराखाली, व्होल्टेज मोजल्यावर. उभ्या गाडीवर मोजलेला आकडा या दुखण्यात फसवतो.

कुठल्या गाडीबद्दल बोलतोय

आपल्याकडे बहुतेकजण साधारण एकाच धाटणीची गाडी करतात. चौकोनी पाइपची चासी, लहान मुलांच्या सायकलीची १२ इंची चाकं, २४ व्होल्ट २५० वॅटची ब्रशवाली गिअर मोटर (बाजारात एमवाय १०१६ झेड या नावानं मिळते ती), तिचा कंट्रोलर, आणि यूपीएसमध्ये असतात तशा १२ व्होल्ट ७ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्याचं माप) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक जोडलेल्या. मोटरवर ९ दातांचं चक्र, त्यावर सायकलची अर्धा इंच पिचची चेन. सायकलचीच चेन वापरा असं मी आग्रहानं सांगतो, कारण तिची कडी, फ्री-व्हील, चेनव्हील खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही पेठेत मिळतं. सायकलचं सामान या गावाला नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली आपलं सायकलचं दुकान बेळगावातच उघडलं होतं.

तुमची गाडी १२ व्होल्टची असेल किंवा मोटर वेगळी असेल तरी खालची पद्धत तीच लागू पडते, फक्त आकडे बदलतील.

गाडी थांबते कशी, आणि परत चालते कशी

२४ व्होल्टच्या कंट्रोलरमध्ये एक पहारा बसवलेला असतो. त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज साधारण २० ते २१ च्या खाली गेलं की तो मोटरचा पुरवठा तोडतो. लेड-अॅसिड बॅटरी याहून खाली उपसली तर कायमची खराब होते, ती वाचावी म्हणून ही कट-ऑफची सोय.

आता चढावर काय होतं ते बघा. मोटरला जोर लागतो, करंट वाढतो. करंट वाढला की बॅटरीच्या आत, वायरीत, जोडात, स्विचमध्ये, जिथं म्हणून रोध (करंटला होणारा अडथळा) आहे तिथं थोडं थोडं व्होल्टेज खर्च होतं. उरलेलं कंट्रोलरला मिळतं. ते २१ च्या खाली गेलं की तोडलं. तोडताक्षणी करंट शून्य, त्यामुळे वाटेतला सगळा खर्चही शून्य, आणि बॅटरीवर मीटर लावला की पुन्हा २४-२५ दिसतात. म्हणून बघणाऱ्याला वाटतं बॅटरी फुल्ल आहे, मग कंट्रोलरच गेला असणार. त्यात विश्रांतीनंतर बॅटरी जराशी सावरते आणि गाडी सपाटीवर पुन्हा चालते.

नवा कंट्रोलर चार दिवस बरा चालण्याचं कारणही यातच आहे. तो बसवायच्या आदल्या रात्री बॅटरी पूर्ण चार्ज केलेली असते. शिवाय बसवताना सगळे जोड सोडून परत घट्ट केलेले असतात. गुण त्याचा येतो, श्रेय कंट्रोलरला जातं.

मोठ्या मोटरचंही तसंच. तिच्याबरोबर येणारा मोठा कंट्रोलर जास्त करंट ओढू देतो. त्याच बॅटऱ्या, त्याच वायरी, आणि ओढ जास्त. गाडी लवकर थांबणारच.

पहिलं मोजमाप

साधा मल्टिमीटर पुरतो. डीसी व्होल्ट, ५० किंवा २०० ची रेंज. त्याच्या दोन्ही काड्या कंट्रोलरच्या बॅटरीकडच्या टर्मिनलवर नीट चिकटवा आणि मीटर समोर दिसेल असा बांधा. नातवाला या चाचणीत बसवू नका. त्याच्या वजनाइतकं तांदळाचं पोतं सीटवर ठेवा, एक्सिलेटर वायर लांबवून हातात घ्या आणि गाडीबरोबर चाला. दुसऱ्या कुणाला तरी मीटरचं मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा. आकडा क्षणात खाली जाऊन वर येतो, तो नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही.

गाडी थांबायच्या आधी दिसलेला सगळ्यात कमी आकडा लिहून ठेवा. मग काड्या काढून थेट बॅटऱ्यांच्या टोकांना लावा, म्हणजे पहिल्या बॅटरीच्या प्लसला आणि दुसरीच्या मायनसला, आणि त्याच चढावर पुन्हा तेच करा.

कंट्रोलरवर २० च्या आसपास आणि बॅटरीवर मात्र २३ च्या वर, असं असेल तर व्होल्टेज वाटेत गळतंय. वायर आणि जोड बघा. दोन्हीकडे आकडा सारखाच खाली गेला तर बॅटरी कमी पडतेय, नाहीतर गाडी फार जड ओढतेय. आणि दोन्हीकडे २२ च्या वर असताना गाडी थांबली, तर व्होल्टेजचा संबंध नाही. त्याबद्दल शेवटी लिहितो, कारण ते क्वचित असतं.

वायर आणि जोड

इथं थोडा हिशेब करावा लागतो, पण करून बघा. एकदा समजलं की पुढे कुठलीही बॅटरीवरची गाडी तुम्ही दुरुस्त कराल.

दुकानात वायर पाऊण, दीड, अडीच, चार एमएम अशी मागतात. ते तांब्याच्या छेदाचं चौरस मिलिमीटर असतं. पाऊण एमएम वायरीचा रोध मीटरला साधारण २६ मिलिओहम, अडीच एमएमचा ८, चार एमएमचा ५. बॅटरी सीटखाली, कंट्रोलर बॉनेटमध्ये, चावीचा स्विच डॅशबोर्डवर असं असलं की जायची-यायची मिळून ६ मीटर वायर सहज होते. चढावर १५ अँपिअर धरा. पाऊण एमएममध्ये ६ गुणिले २६ गुणिले १५, म्हणजे २३४० मिलिव्होल्ट, सुमारे २.३ व्होल्ट वायरीतच गेले. चार एमएममध्ये हाच खर्च अर्ध्या व्होल्टच्या आत.

दोन व्होल्टनं काय बिघडतं असं वाटेल. आता बॅटरी धरून हिशेब मांडू. अर्धी उतरलेली बॅटरी विश्रांतीत १२.२ दाखवते, दोन मिळून २४.४. नव्या ७ एएच बॅटरीचा आतला रोध २५ मिलिओहमच्या आसपास असतो, वापरून जुनी झाली की ६० पर्यंत सहज जातो. दोन जुन्या मिळून १२०, त्यात १५ अँपिअर म्हणजे १.८ व्होल्ट. २४.४ मधून १.८ गेले, वायरीचे २.३ गेले, उरले २०.३. कंट्रोलरनं तोडलं. याच बॅटऱ्यांना चार एमएम वायर असती तर कंट्रोलरला २२ मिळाले असते आणि गाडी चढ चढून गेली असती. म्हणजे बॅटरी थकलेली आहे हे खरं, पण गाडी थांबवली ती पातळ वायरीनं.

वायर घेताना नुसतं जाड बघू नका, आतून खरवडून बघा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं अॅल्युमिनियम अशी वायर स्वस्तात मिळते. तिचा रोध शुद्ध तांब्यापेक्षा बराच जास्त, आणि स्क्रूखाली दाबली की काही महिन्यांत सैल पडते. घरफिटिंगची एकतारी वायरही नको, गाडीच्या थरथरीनं ती जोडाजवळ तुटते. बारीक तारांची लवचीक वायर घ्या. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कंट्रोलर बॉनेटमधून काढून बॅटरीशेजारी बसवणं. सहा मीटर वायरीची दीड मीटर होते. एक्सिलेटरची वायर लांब असली तरी चालते, तिच्यात करंट नगण्य असतो.

आता जोड. इथं हातघाई करू नका, कारण निम्म्या गाड्यांचं दुखणं याच जागी मिळतं. वायर पिळून वर टेप गुंडाळलेला जोड अंगणात चालतो आणि चढावर मार खातो. प्रत्येक जोडाला योग्य मापाचं थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) क्रिंपिंग पक्कडीनं दाबून मारा, हातोडीनं चेपू नका. जोड तपासायची पद्धत अशी: चाकं उचलून गाडी चालू ठेवा, एका माणसाला लाकडाचा ठोकळा टायरवर दाबून थोडा भार द्यायला सांगा (हात चाकापासून आणि चेनपासून लांब), आणि मीटरची एक काडी जोडाच्या अलीकडे, दुसरी पलीकडे लावा. चांगल्या जोडावर आकडा जवळजवळ शून्य येतो. एखाद्या जोडावर ०.२ किंवा ०.३ दिसले तर तो जोड सोडवून परत करा. याच रीतीनं चावीचा स्विच तपासा. बल्बसाठी बनलेला लहानसा स्विच मोटरचा करंट पेलत नाही, आतून काळा पडतो. मोठा करंट स्विचमधून नेऊच नये. बहुतेक कंट्रोलरना चावीची बारीक वायर वेगळी दिलेली असते, स्विच तिच्यावर घाला.

फ्यूज होल्डरही बघा. बॅटरीच्या प्लसला लागून २० अँपिअरचा पात्याचा फ्यूज हवाच, तो काढून तार बसवायची नाही. पण होल्डर सैल असेल तर फ्यूजचे पाय गरम होतात, प्लॅस्टिक वितळल्यासारखं दिसतं. तसं दिसलं की होल्डर बदलायचा.

आमच्याकडे जून लागला की जमिनीची तांबडी राड सगळीकडे चिकटते, खानापूरच्या बाजूला तर विचारूच नका. मोटरच्या प्लगमध्ये ती गेली की पितळी पिना हिरव्या पडतात. प्लग खालच्या तोंडाचे बसवा, म्हणजे पाणी साठत नाही, आणि पावसाळ्याआधी पिनांना पातळसा व्हॅसलिनचा हात द्या.

बॅटरी

दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. हे फार कमी लोक करतात. भाराखाली एक ११.५ आणि दुसरी ९.५ दाखवत असेल तर दोष एकीचा आहे, पण बदलायच्या दोन्ही. जुनीबरोबर नवी सिरीजमध्ये लावली तर जुनी आधी रिकामी होते आणि चार्जिंगला नवीला चुकीचं व्होल्टेज मिळतं. सहा महिन्यांत नवीही खराब.

बॅटरी चांगली की थकलेली हे ओळखायला दुकानात जायची गरज नाही. मोटारसायकल किंवा कारचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा हॅलोजन बल्ब घ्या आणि पूर्ण चार्ज केलेल्या एका बॅटरीला लावा. तो साधारण साडेचार अँपिअर घेतो. चांगली ७ एएच बॅटरी तो तासाच्या आसपास जाळते. व्होल्टेज साडेदहावर आलं की बल्ब काढून घ्या, त्याखाली नेऊ नका. पंधरा-वीस मिनिटांतच तिथं पोचली, तर वर छापलेल्या ७ एएचला आता अर्थ उरलेला नाही. (बल्ब हातात धरू नका, काच भयंकर तापते.)

तसं पाहिलं तर ७ एएच या कामाला मुळातच लहान. तो आकडा २० तास हळूहळू वापरण्यासाठीचा असतो. १५ अँपिअरनं ओढली तर नवीसुद्धा पाव तासाच्या आत संपते. घर चढावर असेल तर १२ व्होल्ट १८ एएचच्या दोन घ्या. वजन प्रत्येकी पाच-साडेपाच किलो होतं, पण आतला रोध कमी असल्यानं चढावर व्होल्टेज टिकतं. लिथियमकडे वळायचं असेल तर ३.२ व्होल्टच्या ८ सेलचा लिथियम-आयर्न-फॉस्फेट पॅक, बीएमएससकट (सेलची राखण करणारं सर्किट) आणि त्याच्याच चार्जरसकट, तयार घ्या. भंगारातल्या लॅपटॉप बॅटरीचे सेल जोडून पॅक करणारे आहेत. स्वतःच्या टॉर्चला काय करायचं ते करा, पण लेकराच्या सीटखाली असला पॅक कृपा करून ठेवू नका.

बॅटरी मरते ती वापरून कमी आणि पडून राहून जास्त. नातवंडं पुण्याला, बेंगळुरूला. मे महिन्यात येतात, गाडी रोज फिरते, शाळा सुरू झाली की जातात. गाडीवर प्लॅस्टिक कागद पडतो तो थेट दिवाळीला निघतो. अर्धी उतरलेली लेड-अॅसिड बॅटरी चार-पाच महिने तशीच पडली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि तो नंतरच्या चार्जिंगनं पूर्ण जात नाही. मुलं गेली त्याच दिवशी पूर्ण चार्ज करा, चावी बंद करण्यावर न थांबता बॅटरीची वायरच काढून ठेवा, आणि गणपतीच्या सुमारास एकदा पुन्हा चार्ज करा. विश्रांतीत १२.४ च्या खाली जाऊ देऊ नका. चार्जर ७ एएचसाठी दीड-दोन अँपिअरचा बस. मोठ्या गाडीचा चार्जर लावून तासाभरात भरायची घाई केली तर बॅटरी फुगते.

गाडी जड का ओढते

वायरी जाड, बॅटरी चांगली, तरी चढावर आकडा पडतोय. अशा वेळी करंटच गरजेपेक्षा जास्त जातोय. आपल्या फाउंड्रीच्या गावातल्या माणसाला हे पटवणं अवघड जातं, कारण आपला हात जाड लोखंडाकडेच जातो. २५ बाय २५ चा चौकोनी पाइप १.६ मिलिमीटर जाडीचा घेतला तर मीटरला १.२ किलोच्या आत भरतो. ३ मिलिमीटरचा घेतला तर २ किलोच्या वर. चासीला बारा मीटर पाइप लागला तर १४ किलोच्या जागी २५ किलो. चार-पाच वर्षांच्या पोराला १.६ चा पाइप भरपूर आहे. वजन वाचवायचं ते इथं वाचवा, स्टिअरिंगच्या जोडात आणि ब्रेकमध्ये नको.

पण वजनापेक्षा मोठी गोष्ट दातांची. गाडी आणि पोर मिळून ८० किलो धरू. दहा मीटरला एक मीटर असा चढ असेल तर चढामुळे मागे ओढणारा जोर ८० चा दहावा हिस्सा, म्हणजे ८ किलो. मातीच्या वाटेचा आणखी ३ किलो. एकूण ११ किलोचा जोर चाकाच्या कडेला हवा.

मोटरच्या गिअरबॉक्समधून भाराखाली मिनिटाला २८० च्या आसपास फेरे येतात. मोटरवर ९ दात आणि चाकावर सायकलचं १८ दातांचं फ्री-व्हील लावलं तर चाकाला १४० फेरे. ३० सेंटिमीटरच्या चाकाला ताशी ८ किलोमीटरचा वेग. ऐकायला छान वाटतं. पण त्या वेगानं ११ किलोचा जोर लावायला मोटर १५ अँपिअरहून जास्त मागते, तिच्या ठरलेल्या क्षमतेच्या वर. चाकावर १८ च्या जागी ३६ दातांचं चेनव्हील लावलं की वेग ताशी ४ किलोमीटर, म्हणजे आपण चालतो तेवढा, आणि करंट ८-९ अँपिअरवर येतो. चढ तोच, मोटर तीच, बॅटरी तीच. करंट निम्मा झाला की वायरीतला आणि बॅटरीतला खर्चही निम्मा होतो, आणि कंट्रोलरला तोडायचं कारण उरत नाही.

माझ्या मते लहान मुलाच्या गाडीला हाच वेग योग्य आहे. आज्जाला चालत बरोबर राहता आलं पाहिजे. नात आधी कुरकुरली, "आज्जा, हळू जायल्या की," पण चढ न थांबता चढायला लागल्यावर पुन्हा तो विषय निघाला नाही. चेनव्हील जुन्या लहान सायकलीचं घ्या, लेथवर बुश करून चाकाला किंवा शाफ्टला सेंटरमध्ये बसवा. मोटरचं चक्र आणि चेनव्हील एका रेषेत आहेत का ते स्टीलची पट्टी लावून बघा. चेनला मध्यावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर ढील हवी. ताणलेली चेन मोटरचं बेअरिंग खाते आणि विनाकारण करंट वाढवते. चेनवर पत्र्याचं झाकण पूर्ण हवं, पोराची बोटं जिथवर पोचतील तिथवर.

वळणावर गाडी थांबत असेल, सपाटीवरच्या वळणावरसुद्धा, तर मागचा शाफ्ट बघा. दोन्ही चाकं एकाच शाफ्टला वेल्ड केलेली असली की वळताना आतलं चाक कमी आणि बाहेरचं जास्त फिरायला बघतं, दोन्ही एकमेकांना घासटतात. शहाबादी फरशीवर टायरचा कर्रकन आवाज येतो. लहान गाडीला डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) करायची गरज नाही. एकाच चाकाला ताकद द्या, दुसरं चाक शाफ्टवर बेअरिंगवर मोकळं फिरू द्या.

हवा बघा, ब्रेकचे गुटके रिमला टेकतात का बघा, शाफ्टचे दोन्ही पेडस्टल (बेअरिंगचे ठोकळे) एका रेषेत आहेत का बघा. चेन काढून चाक हातानं फिरवलं तर ते सहज काही फेरे घेऊन थांबलं पाहिजे.

करंट मोजायचा असेल तर एक सूचना. मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत घालून सिरीजमध्ये लावू नका, त्याचा फ्यूज जाईल. स्वस्त क्लॅम्प मीटर बहुतेक फक्त एसी मोजतात, डीसीवर शून्य दाखवतात. त्यापेक्षा बॅटरीच्या वायरीत अडीच एमएमचा मोजून एक मीटरचा तुकडा तात्पुरता घाला आणि त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज बघा. ०.०८ आलं तर १० अँपिअर, ०.१२ आलं तर १५. कामापुरतं अचूक येतं.

काही लोक कट-ऑफच काढून टाकतात

ते करू नका. कंट्रोलर उघडून रोधक बदलून पहारा बंद करायची युक्ती सांगणारे भेटतात. गाडी थोडे दिवस चढ चढते, मग बॅटरी कायमची जाते, आणि तोवर पातळ वायर गरम होत राहते. आत पोर बसलेलं असतं. उलट एक जास्तीचा तोडणारा स्विच लावा: मागच्या बाजूला, चालताना आपल्या हाताला येईल असा, ओढला की सगळा पुरवठा बंद. फ्री-व्हील असेल तर उतारावर मोटर गाडीला आवरत नाही, तेव्हा ब्रेक दोन्ही मागच्या चाकांना हवेत आणि पोराच्या पायाच्या ताकदीनं लागतील असे हवेत. गाडी अंगणात आणि शेतात चालवायची, रस्त्यावर नाही.

व्होल्टेज चांगलं असूनही थांबत असेल तर

आधी ब्रेक लिव्हरचा प्लग. ब्रेक दाबला की मोटर तोडणारा स्विच त्यात असतो, आणि ओल किंवा राड गेली की कंट्रोलरला ब्रेक दाबल्यासारखाच वाटतो. चाकं उचलून, आत कुणी नसताना, तो प्लग काढून बघा. फरक पडला तर स्विच बदलून प्लग परत लावा, तसाच काढलेला ठेवू नका.

मग एक्सिलेटर. त्याच्या लाल-काळ्या वायरीत ५ व्होल्टच्या आसपास हवेत. तिसऱ्या, सिग्नलच्या वायरीवर सोडलेला असताना एक व्होल्टच्या आत-बाहेर आणि पूर्ण दिल्यावर साडेतीन-चार. हळूहळू देत गेल्यावर आकडा मध्येच शून्यावर उडी मारत असेल तर एक्सिलेटरच गेलाय.

मग मोटर. अंगावर हात ठेवून दोन-तीन सेकंदही धरवत नसेल तर ती जास्त तापतेय, पुन्हा दातांच्या हिशेबाकडे जा. ब्रश झिजून अगदी आखूड झाले असतील तर खडबडीत वाटेवर मोटर तुटक चालते. ब्रश बाहेरून काढता येत नसेल तर मागचं झाकण दोन लांब स्क्रूंवर असतं, कुणीही मोटर वाइंडिंगवाला बदलून देतो.

हे सगळं नीट निघालं, कंट्रोलरच्या बॅटरीकडच्या टर्मिनलवर भाराखाली २२ च्या वर व्होल्ट, एक्सिलेटरचा सिग्नल पूर्ण, ब्रेकचा प्लग तपासण्यापुरता काढलेला, आणि तरी मोटरकडे जाणाऱ्या दोन वायरींत काहीच येत नाही, तर मात्र कंट्रोलर बदला.